नागपूरची मुलगी न्यू जर्सीत: कथेतले तपशील तपासून हवेत

रामदासपेठकर:
दिवाळी अंकासाठी कथा लिहून राहिलो आहे, साधारण तीन हजार शब्दांची. जाणकारांनी तपशील तपासून द्यावेत. आराखडा असा:

मुग्धा, वय २७, माहेर मानेवाड्याचं, नागपूरच्या एलआयटी कॉलेजातून केमिकलची बी.टेक. झालेली. नवरा मूळचा पुण्याचा, सॉफ्टवेअरमध्ये, एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर. ती एच-४ वर, म्हणजे त्याच्यावर अवलंबून असलेली बायको म्हणून. गाव एडिसन, न्यू जर्सी. काळ २०११-१२ च्या आसपास. पहिलं बाळ होतं, पुण्याहून सासूबाई बाळंतपणाला येतात आणि दीड वर्ष राहतात. दिवाळीच्या रात्री बाहेर बर्फ पडतोय, आसपास एकही भारतीय माणूस नाही. शेवटी ती एकटी गाडी घेऊन निघते, पंपावर स्वतःच्या हाताने पेट्रोल भरते आणि पुढे घरून डबे द्यायचा व्यवसाय सुरू करते.

हवंय ते असं: या व्हिसावर तिला नक्की काय करता येतं आणि काय नाही? स्वयंपाकघरात आणि बाळंतपणात इथल्यापेक्षा काय वेगळं घडतं? आईशी बोलणं कधी आणि कशावरून होत असेल? भाषा किती नागपुरी ठेवू? भावनेचं माझं मी बघतो, तपशिलात कुठे आपटतो ते सांगा.

कागदपत्रवाला:
तुमच्या शेवटापासून सुरू करतो, कारण तोच सगळ्यात जास्त आपटलाय.

न्यू जर्सीत गिऱ्हाइकाने स्वतः पेट्रोल भरायला कायद्याने बंदी आहे, १९४९ पासून. पंपावरचा माणूस येतो आणि तोच नळी लावतो. तिकडे राहिलेला कुठलाही वाचक त्या वाक्यावर हसून पान उलटेल. स्वातंत्र्याचा प्रसंग गाडीभोवतीच हवा असेल तर एमव्हीसीची परीक्षा घ्या. मोटार व्हेइकल कमिशन, म्हणजे तिथलं आरटीओ. त्या काळी सोशल सिक्युरिटी नंबर (नोकरी-करासाठी लागणारा तिथला सरकारी क्रमांक) नसलेल्या बाईला आधी सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयात जाऊन ‘यांना नंबर मिळू शकत नाही’ असं पत्र आणावं लागायचं, ते पत्र लायसन्सच्या कागदांना जोडायचं. मग लेखी, मग रस्त्यावरची, त्यात पॅरलल पार्किंग. शिवाय तेव्हा लायसन्सची मुदत व्हिसाच्या मुदतीला बांधलेली होती. नवऱ्याच्या मुदतवाढीचा कागद लांबला की हिचं लायसन्सही लटकायचं. या एका गोष्टीत कथेला पुरेल एवढा ताण आहे.

डब्यांचा व्यवसाय तर काढाच. २०११ साली एच-४ वरच्या बायकोला पगाराचं किंवा धंद्याचं कुठलंही काम करता येत नव्हतं. रोख घेतले, घरातूनच केलं, चारच डबे दिले, तरी ते विनापरवाना कामच. पुढे ग्रीन कार्डाच्या वेळी हे उकरलं जाऊ शकतं, आणि त्याचा धसका बाईपेक्षा नवऱ्यालाच जास्त असतो. एच-४ वाल्यांपैकी काहींना कामाचा परवाना मिळायला लागला तो २६ मे २०१५ पासून, तोही ज्यांच्या नवऱ्याचा आय-१४० (ग्रीन कार्डाच्या वाटेवरचा कंपनीने केलेला अर्ज) मंजूर आहे किंवा ज्याला त्या वाटेने सहा वर्षांपुढे एच-१बी वाढवून मिळालाय त्यांनाच. व्हिसाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी घरच्या ओट्यावर केलेलं अन्न विकणं न्यू जर्सीत तेव्हा बेकायदाच होतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये परवानगी आली, तीही फ्रिजमध्ये ठेवावे न लागणाऱ्या बेकरीसारख्या पदार्थांना. पाटोडी रस्सा त्यात बसत नाही.

तिला करता येतं ते असं: शिकता येतं, पूर्ण वेळही. बँकेत संयुक्त खातं काढता येतं. कराच्या कागदासाठी वेगळा नंबर मिळतो, पण त्यावर नोकरी नाही. क्रेडिट इतिहास नाही म्हणून मोबाइलपासून वीजबिलापर्यंत सगळं नवऱ्याच्या नावावर, तिच्या हातातलं कार्डही त्याच्याच खात्यावरचं.

आता यातला सगळ्यात धारदार तपशील. बाळ जन्माने अमेरिकन नागरिक. दवाखान्यातच जन्माच्या फॉर्मवर एक खूण करायची आणि काही आठवड्यांत बाळाच्या नावाने सोशल सिक्युरिटी कार्ड टपालाने घरी येतं. आईला जो नंबर मिळत नाही तो महिन्याभराच्या बाळाला मिळतो. पाकीट ती उघडते. यावर तुम्ही एक शब्दही भाष्य करू नका, कार्ड कुठे ठेवलं एवढंच लिहा.

सासूबाईंचं दीड वर्षही बसत नाही. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी विमानतळावर दर खेपेला राहायची मुदत वेगळी मिळते, सहसा सहा महिने. संपायच्या आधी अर्ज करून आणखी सहा मागता येतात, ते अधिकाऱ्याच्या मर्जीवर. तुम्ही सहाच ठेवा. परतीची तारीख माहीत असलेली सासू कथेत जास्त कामाची. आणि तिच्या बीपीच्या गोळ्या सहा महिन्यांच्या, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट बॅगेत. पाहुण्यांच्या विम्यात आधीचे आजार बहुधा धरत नाहीत, म्हणून घरात तिच्या तब्येतीची भीती कायम असते.

आणखी एक. मुलाखतीचा प्रसंग असेल तर लग्न २००९ अखेर आणि व्हिसा २०१० असं धरून वकिलात ब्रीच कँडीला दाखवा, भुलाभाई देसाई रस्त्यावर. बांद्रा-कुर्ला संकुलात ती नोव्हेंबर २०११ मध्ये गेली. नागपूरहून विदर्भ एक्स्प्रेसने सीएसटी, हातात लग्नाच्या फोटोंचा अल्बम, कारण अवलंबून असणाऱ्या जोडीदाराला लग्नाचा पुरावा विचारतात.

शेपूची_भाजी:
स्वयंपाकघराचं मी सांगते.

इथला मिक्सर तिकडे चालत नाही. आपल्याकडे २३० व्होल्ट, तिकडे १२०. लावला तर गुरगुरतो, पातं रेंगाळतं, ओलं खोबरं तसंच राहतं. ट्रान्सफॉर्मर लावून चालतो, पण तो विटेएवढा जड आणि मिक्सरच्या वॅटच्या दुप्पट ताकदीचा घ्यावा लागतो. म्हणून शहाणी माणसं तिथलाच ११० चा भारतीय मिक्सर घेतात. बॅगेत मिक्सर कोंबणारी सून दाखवायची तर २३ किलोच्या दोन बॅगा हे लक्षात ठेवा. मुंबईपर्यंतचं देशांतर्गत तिकीट वेगळं काढलं असेल तर त्याचं वजन याहून कमी, आणि नागपूरच्या सोनेगाव विमानतळाच्या काउंटरवरच बॅग उघडून सांडगे की पुस्तकं हे ठरवायची वेळ येते.

भाड्याच्या फ्लॅटमध्ये बरेचदा वेटोळ्याची इलेक्ट्रिक शेगडी. ती बंद केली तरी तापलेलीच राहते. म्हणजे कुकर तीन शिट्ट्यांवर बंद करणाऱ्या बाईच्या कुकरला बंद केल्यावरही चौथी, पाचवी होते आणि डाळ खाली लागते. उपाय एकच, बटण बंद करून कुकर उचलून बाजूला ठेवायचा. आल्याआल्या हे कुणी सांगत नाही, पहिल्या आठवड्यात भात करपतो. बुडाला पोक आलेला जुना कुकर त्यावर नीट बसतही नाही.

फोडणीने धुराचा अलार्म वाजतो. शेगडीवरचा पंखा पुष्कळ फ्लॅटमध्ये धूर बाहेर टाकतच नाही, जाळीतून फिरवून पुन्हा खोलीतच सोडतो. मिरची-लसणाची फोडणी असेल तर आधी खिडकी उघडायची, मग तेल तापवायचं. अलार्मला प्लास्टिकची पिशवी बांधणं हा सर्रास चालणारा आणि भाडेकराराविरुद्ध असलेला प्रकार. आणि कोटांचं कपाट स्वयंपाकघराला लागून असलं की सावजी मसाला नवऱ्याच्या ऑफिसच्या कोटात जाऊन बसतो. भांडण इथून सुरू करा, हवं तर.

पोळी सकाळची संध्याकाळी वातड होते, कारण तिकडच्या कणकेत ड्युरम गहू असतो बऱ्याचदा. पाणी जास्त, भिजवून अर्धा तास झाकून ठेवायची.

बाळंतपणाकडे येते. साधी प्रसूती असेल तर दोन दिवसांत घरी, सिझेरियन असेल तर चार. निघताना गाडीत बाळाची खुर्ची बसवलेली हवी, बाळ मांडीवर घेऊन निघता येत नाही. सासूबाईंना हे पटत नाही, थंडीत एवढंसं पोर पट्ट्यांत आवळायचं? आणि नाव! जन्मदाखल्याचा फॉर्म दवाखाना सहसा घरी सोडायच्या आधीच भरून घेतो. म्हणजे बारसं बाराव्या दिवशी आणि नाव दुसऱ्याच. पत्रिका बघून अक्षर यायचंय, नागपूरला रात्र आहे, आत्याचा मान शिल्लक आहे आणि नर्स पेन घेऊन उभी आहे. मधलं नाव बापाचं लिहायचं की नाही यावर आणखी दहा मिनिटं. मी तुमच्या जागी असते तर कथा या फॉर्मपाशी सुरू केली असती.

रामदासपेठकर:
दोघांचेही आभार. पेट्रोल गेलं, डबे गेले, दीड वर्ष गेलं. मग दिवाळीतला बर्फही गेला समजू का? आणि एडिसनमध्ये एकही भारतीय नाही हे कितपत खरं?

हवापाणी:
एडिसनमध्ये भारतीय नाही हे वाक्य राहूच द्यायचं नाही. शेजारच्या आयझेलिनचा ओक ट्री रोड म्हणजे साड्या, सोनं, चाट आणि किराणा यांची सलग रांग आहे. तिथलं एकटेपण निराळं. सगळीकडे भारतीय, पण इमारतीत तेलुगू नाही तर गुजराती कुटुंबं, दुपारी बायका आपापल्या भाषेत बसतात आणि हिला हिंदीत सामावून घेतात. नागपूरच्या मुलीला हिंदी जड नाहीच, त्यामुळे ती पटकन रुळते आणि तरी मराठी बोलायला दिवसभर कुणी नसतं.

बर्फ मात्र ठेवा, वर्ष बदलू नका. एरवी न्यू जर्सीत दिवाळीला बर्फ नसतो, पण २०११ चा अपवाद आहे. त्या वर्षी लक्ष्मीपूजन २६ ऑक्टोबरला, बुधवारी. भाऊबीज २८ ला. आणि शनिवारी २९ ला अवेळी हिमवादळ आलं. झाडांवर पानं तशीच होती, त्यामुळे ओला जड बर्फ पानांवर साचला, फांद्या मोडून तारांवर पडल्या आणि वीज गेली. उत्तरेकडच्या भागात काही ठिकाणी ती आठवडाभर आली नाही. एडिसनपेक्षा मॉरिस काउंटीत जास्त हाल झाले, म्हणून गाव पार्सिपनी करा. तिथेही भारतीय वस्ती भरपूर. हॅलोविनची पोरांची फेरीसुद्धा अनेक गावांनी पुढे ढकलली होती.

तुमच्या कथेला हे फार सोयीचं आहे. बुधवारी दिवाळीची सुट्टी नसते, नवरा ऑफिसला. म्हणून कथेतल्या मराठी मंडळाचा फराळ शनिवारी ठेवा, तोच वादळाचा दिवस. चकल्या तळून डब्यात भरलेल्या आणि कार्यक्रम रद्द.

वेळेचा हिशोब: घड्याळं त्या वर्षी ६ नोव्हेंबरला मागे गेली, म्हणजे दिवाळीत फरक साडेनऊ तासांचा, नंतर साडेदहाचा. मानेवाड्यात संध्याकाळी सातला पूजा, तेव्हा पार्सिपनीत सकाळचे साडेनऊ. मुग्धा संध्याकाळी सातला पणत्या लावेल तेव्हा नागपुरात पाडव्याची पहाट, साडेचार. दोघींच्या दिवाळ्या एका वेळी होतच नाहीत. व्हॉट्सॲपचा व्हिडिओ कॉल टाळा, तो २०१६ चा. तेव्हा स्काइप, कॉलिंग कार्ड, किंवा इंटरनेटच्या खोक्यावर चालणारा व्होनेजचा फोन. वीज गेली की खोकं बंद, म्हणजे नागपूरचा फोनही बंद. मोबाइल गाडीत बसून चार्ज करायचा, तोही पेट्रोल बघून, कारण विजेअभावी पंपही बंद पडतात.

मुद्रितशोधक:
भाषेबद्दल. निवेदन प्रमाण मराठीतच ठेवा, नागपुरी फक्त संवादात, तीही मोजून. ‘काऊन’, ‘बे’, ‘बापा’ दर ओळीला पेरले की पात्राचं सोंग होतं. क्रियापदावर भर द्या, तेवढं पुरतं. आई फोनवर म्हणेल, ‘काय करून राहिली? बाळ झोपून राहिलं नं नीट?’ मुग्धा आईला म्हणेल, ‘भाजी चिरून राहिली नं मी.’ फोन ठेवून नवऱ्याला म्हणेल, ‘भाजी चिरतेय.’ वाचकाला काही समजावून सांगू नका. सासूबाई आल्यावर नवऱ्याशी एकांतात ‘तू’, त्यांच्यासमोर ‘अहो’. हेही आपोआप होऊ द्या. आणि संतापाच्या एका ठिकाणी सासूबाईंसमोर तिच्या तोंडून नागपुरी निसटू द्या. एकदाच.

पूर्ण कथा तिच्या नजरेतून ठेवा. नवऱ्याला खलनायक करायचा मोह आवरा, त्याच्या हातातही फार काही नाही. नोकरी गेली तर २०११ साली एच-१बी वाल्याला ठराविक दिवसांची सवलतसुद्धा नियमात नव्हती, साठ दिवसांची तरतूद २०१७ ची.

कागदपत्रवाला:
वरच्यांनी वर्ष पक्कं केलं ते झकास झालं, कारण त्याच वर्षी आणखी एक घड्याळ चालू होतं. एच-१बी चा वार्षिक कोटा ६५,००० आणि तिथल्या पदव्युत्तरांसाठी २०,०००. हल्ली लॉटरी निघते, पण त्या खेपेला मंदीमुळे कोटा रखडत भरला, २२ नोव्हेंबर २०११ ला. म्हणजे दिवाळीत दार उघडं होतं. एखाद्या औषध कंपनीने मुग्धाचा अर्ज केला असता तर लॉटरीशिवाय तिला स्वतःचा व्हिसा मिळू शकला असता. चार वर्षांची केमिकलची पदवी, न्यू जर्सीत औषध कंपन्या भरपूर, सगळं जुळतं. अट एवढीच की कंपनीने कामगार खात्याची मंजुरी आधी घ्यायची, तिला साधारण आठवडा लागतो, मग अर्ज. डब्यांच्या जागी हे आणा. मुलाखतीचा फोन कधी येतो, बाळ महिन्याचं, वीज गेलेली, मोबाइलमध्ये चार्ज नाही. दार बंद व्हायची तारीख मुग्धाला आधी कळू शकत नाही, कोटा भरल्याचं नंतरच जाहीर होतं.

रामदासपेठकर:
हे जमून राहिलंय. पण मग सासू-सुनेचा प्रसंग कुठे बसवू? तो मला हवाच आहे.

शेपूची_भाजी:
वीज गेलेल्या घरातच. गॅसवर चालणारी हीटिंगची भट्टी असली तरी तिचा हवा ढकलणारा पंखा विजेवर, त्यामुळे घर हळूहळू थंड होतं. इलेक्ट्रिक शेगडी असेल तर चहासुद्धा नाही. बाळ सव्वा महिन्याच्या आतबाहेर. पुण्याहून आलेल्या बाईला सुचणारा उपाय म्हणजे शेक आणि धुरी. पत्र्याच्या ताटलीत निखारे, त्यावर ओवा, बाळंतशेपा, आणि खिडक्या बंद, कारण वारा लागू नये.

इथे तुमच्या नायिकेची पदवी कामाला येते. बंद खोलीत कोळसा धुमसला की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला रंग नाही, वास नाही. ओव्याच्या वासात तर काहीच कळणार नाही. डोकं दुखतं, गुंगी येते, आणि सगळ्यांना वाटतं जागरणाने झालं. आपल्याकडे दाराखालून, खिडकीच्या फटीतून हवा खेळते म्हणून वर्षानुवर्षं धुरी निभते. तिकडची घरं थंडीसाठी घट्ट मिटवलेली, फटीच नाहीत. या फरकामुळे सासूबाई मूर्ख ठरत नाहीत, तेवढं सांभाळा. त्यांच्या घरी हे बरोबरच होतं.

मुग्धा ताटली उचलून बाल्कनीत नेते. बस. व्याख्यान देऊ देऊ नका तिला. मुद्रितशोधक म्हणतात ती नागपुरी इथेच निसटू द्या: ‘आई, पोर मरून जाईल नं!’ असलं काहीतरी.

हवापाणी:
तरी सांगतो, तीन हजार शब्दांत नावाचा फॉर्म, कार्डाचं पाकीट, लायसन्स, कोट्याची तारीख, वादळ आणि धुरी हे सगळं बसणार नाही. बसवलंत तर माहितीपुस्तिका होईल. माझं मत: शनिवार ते सोमवार एवढीच कथा. लायसन्स आणि वकिलात पूर्ण काढा. कार्डाचं पाकीट शनिवारी सकाळी टपालात आलेलं, एका परिच्छेदात. औषध कंपनीचा फोन शुक्रवारी येऊन गेलाय आणि सोमवारी परत बोलायचं ठरलंय.

शेपूची_भाजी:
नावाचा फॉर्म काढायला माझा विरोध आहे, पण सासूबाई एका ओळीत बोलून दाखवू शकतात तो, ‘नाव तरी कुठे आम्हाला ठेवू दिलंत.’ तेवढ्यावर मान्य.

मुद्रितशोधक:
फोन आला की नाही ते सोमवारी दाखवायचं का? माझ्या मते गाडीत बसून मोबाइल चार्ज होतोय इथवर पुरे. पण अंकाकडे आधी विचारून घ्या, काही संपादकांना उघडा शेवट चालत नाही. मजकूर युनिकोडमध्ये आणि जुलैच्या आत पाठवा, बहुतेक अंकांची जुळणी तेव्हाच सुरू असते.

रामदासपेठकर:
शनिवार ते सोमवार पक्कं. एक शेवटचं. फ्लॅटमध्ये कोळसा आला कुठून?

शेपूची_भाजी:
उन्हाळ्यातल्या बार्बेक्यूचा. किराणा दुकानात पोतं मिळतं, अर्धं उरलेलं बाल्कनीत पडून असतं. त्यात काडी लावताच पेटणारा एक प्रकार येतो, त्याला आधीच रॉकेलसारखं द्रव लावलेलं असतं. तो घेतलात तर वासाने सासूबाई स्वतःच बाहेर टाकतील आणि तुमचा प्रसंग होणारच नाही. साधा कोळसा लिहा.